पोटांत कालवणारे बोलपट
(पांझरेकाठच्या एका गांवीं शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकींत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



कपाशीच्या वेचणीचे दिवस. दिवसभर वाकून आलां आहां, तरी हातपाय धुऊन येथें येऊन बसलां, ह्याबद्दल आधीं तुमचे आभार. ह्या बैठकींत आजवर आम्ही कर्जाविषयीं बोललों, दारूविषयीं बोललों, पोरींच्या शाळेविषयीं तर इतक्या वेळां बोललों कीं कांहीं मंडळी आम्हांला पाहून वाट बदलतात. आज सिनेमाविषयीं बोलणार असें कळल्यावर पारावर हंशा पिकला. एक आप्पा म्हणाले, “मास्तरला चाळिशींत नाद लागला वाटतें!” आप्पा, नाद जुनाच आहे. पण आज ज्या बोलपटांविषयीं आम्ही सांगणार आहों ते नादाचे नव्हेत. त्यांत नट डोंगरावर गात नाहीं, शेवटीं लग्नाचा मांडव पडत नाहीं, आणि पाहून घरीं आल्यावर भाकर गोड लागत नाहीं. असले चित्रपट कांहीं माणसें घरदार पणाला लावून, वर्षानुवर्षें झिजून कां काढतात, आणि आपण ते कां पाहावेत, एवढाच आजचा विषय.

हें कालपरवांचें खूळ आहे असें समजूं नका. १८५५ सालीं जोतीराव फुल्यांनीं ‘तृतीय रत्न’ नांवाचें नाटक लिहिलें. एक गरोदर कुणबीण, तिचा भोळा नवरा, आणि ग्रहांची भीति घालून त्यांना लुबाडणारा जोशी, अशी त्याची गोष्ट. दक्षिणा प्राइझ कमिटीपुढें तें गेलें आणि कमिटीनें तें नाकारलें. आपलें खरें चित्र कोणी दाखवूं गेला कीं बक्षीस देणारे तोंड फिरवितात, ही रीत अशी जुनी आहे.

पडद्याचेंही तसेंच. १९१३ सालीं दादासाहेब फाळक्यांनीं राजा हरिश्चंद्र पडद्यावर आणला, आणि पुढें कित्येक वर्षें पडदा मुख्यतः देवादिकांचा व राजेरजवाड्यांचा राहिला. त्या पडद्यावर कुणब्याला ठसठशीत जागा दिली ती कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं. हे मूळचे मेस्त्री, कारागिराच्या घरचे. एका हातांत रंगाचा कुंचला, दुसऱ्या हातांत मेस्त्रीचीं हत्यारें. कॅमेरासुद्धां त्यांनीं आपल्या हातानें घडविला. सुतार-लोहार मंडळींनीं हें ध्यानांत ठेवावें. १९२५ सालीं त्यांनीं ‘सावकारी पाश’ काढला. गोष्ट नारायण हरि आपट्यांची. शेतकरी कर्ज काढतो, कागद होतो, जमीन सावकाराच्या घशांत जाते आणि शेतकरी शहरांतल्या गिरणीचा रस्ता धरतो. त्या तरुण शेतकऱ्याचें काम केलें होतें शांताराम वणकुद्रे ह्यांनीं, म्हणजे पुढें नांवारूपाला आलेल्या व्ही. शांतारामांनीं. चित्र मुकें होतें. काळोखी रात्र, एक खोपट, आणि बाहेर गळा काढून रडणारें कुत्रें, एवढ्यावर त्यांनीं एका घराचा सत्यानाश दाखविला, असें पाहणारांनीं लिहून ठेविलें आहे. त्याच्या बरोबर पन्नास वर्षें आधीं, १८७५ सालीं, पुणें-नगरकडील शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. पण जाळपोळीची बातमी वाचणें निराळें आणि आपल्याच तोंडवळ्याचा माणूस पडद्यावर भिकेला लागलेला पाहणें निराळें. त्या मुक्या चित्रपटाची प्रत आज शिल्लक नाहीं. सावकाराचे कागद मात्र कसे टिकतात पाहा!

आतां कोणी विचारील, असल्या चित्रपटाला पैसा कोण देणार? सिनेमाच्या शेटजीला नफा पाहिजे. रडायला लावणाऱ्या गोष्टींत त्याला तो दिसत नाहीं. ह्याचें एक उत्तर आपल्या शेजारच्या गुजराथेंत मिळालें आहे, आणि तें शेतकऱ्यांनींच दिलें आहे. १९७६ सालीं श्याम बेनेगल ह्यांनीं ‘मंथन’ काढला. दुधाच्या सहकारी सोसायट्यांच्या पांच लक्ष सभासदांनीं माणशीं दोन रुपये दिले, आणि दहा लक्ष उभे राहिले. पिशवी घेऊन कोण्या शेटजीच्या दारांत उभें राहावें लागलें नाहीं. पुढें ते शेतकरी मालमोटारी भरभरून आपला चित्रपट पाहावयास शहरांत गेले. आपल्याच सोसायटीची गोष्ट म्हटल्यावर तुम्हांला वाटेल, सरकारी जाहिरात असेल. तसें नाहीं. त्यांत सोसायटीच्या निवडणुकींत सरपंच पडतो आणि दलित वस्तीचा उमेदवार निवडून येतो, तें सरपंचाला सोसत नाहीं, आणि मग गांवांत काय काय होतें तें सगळें उघडें दाखविलें आहे. सोसायटी काढणारा शहरी डॉक्टरही देव केलेला नाहीं. अर्ध्या कामावर तो निघून जातो. दोन रुपये देणाऱ्यांनीं, आमची आरती ओवाळा, अशी अट घातली नाहीं, ही त्यांची थोरवी. २०२४ सालीं तोच चित्रपट दुरुस्त करून फ्रान्स देशांत कान येथील महोत्सवांत दाखविण्यांत आला. आपल्या जिल्ह्यांत सोसायट्या काय कमी आहेत? पण आमच्या पाहण्यांत त्यांचा पैसा सभासदांच्या भोजनावर आणि चेअरमनच्या फोटोवर जातो. असो, हा विषय दुसऱ्या बैठकीचा.

त्या ‘मंथन’मध्यें बिंदू नांवाच्या गवळी बाईचें काम ज्या मुलीनें केलें ती आपल्या शिरपूरच्या घरची. स्मिता पाटील. जन्म पुण्यास, १९५५ सालचा. वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे, स्वातंत्र्याच्या लढ्यांतले, पुढें मंत्री झालेले. ही मुलगी आधीं मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या सांगत असे. रंग सांवळा, चेहरा आपल्या बायाबापड्यांसारखा. त्या काळीं नटी म्हणजे पिठाच्या गोळ्यासारखी गोरी असावी असा दंडक होता. हिनें तो दंडक मोडला तो गोरेपणाचा लेप लावून नव्हे, तर उन्हांत उभी राहून. ‘जैत रे जैत’मध्यें ती ठाकरांच्या वस्तींतली, ‘चक्र’मध्यें मुंबईच्या झोपडपट्टींतली, ‘उंबरठा’मध्यें घर सोडून महिलाश्रमाचें काम पत्करणारी. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ ह्या दोहोंबद्दल तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. १३ डिसेंबर १९८६ रोजीं, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत, ती गेली. वय पुरतें एकतीस.

तिच्या बाबतींत एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ‘चक्र’ हा भुकेचा आणि झोपडीचा चित्रपट. झोपडपट्टींतली बाई नळाखालीं उघड्यावर अंघोळ करते, कारण तिला आडोसाच नाहीं. विकणारांनीं नेमकें तेंच चित्र भिंतीवर मोठें करून डकविलें, आणि लोकांना भलतीच आशा लावून आंत बोलाविलें. स्मिताला ह्याची चीड होती आणि तिनें ती बोलून दाखविली. बाईची लाचारी दाखविणें आणि बाईची लाचारी विकणें ह्यांत जें अंतर आहे तें कोणत्या बोलपटांत राखलें आहे आणि कोणत्यांत नाहीं, हें पाहणाऱ्यानें ओळखावें लागतें.

तिच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झालेला ‘मिर्च मसाला’ आपल्या मायबहिणींनीं जरूर पाहावा. दिग्दर्शक केतन मेहता, साल १९८७. वसुलीला आलेला सुभेदार गांवांतल्या एका बाईवर नजर ठेवतो. ती मिरची कुटण्याच्या कारखान्यांत आसरा घेते. बाहेर शिपाई. आणि गांवचे कर्ते पुरुष काय ठरवितात? कीं एका बाईपायीं गांवाला त्रास नको, तिला देऊन टाका! मुखीची बायको, एक मास्तर आणि कारखान्याचा म्हातारा पहारेकरी, एवढींच कायतीं उलट उभीं राहतात. शेवटीं हत्यार कोणतें निघतें तें तुम्ही ओळखलेंच असेल. मिरची कुटतांना जिचे डोळे झोंबले आहेत तिला तें सांगावें लागत नाहीं.

आतां आपल्या कपाशीकडे वळूं. २००९ सालीं सतीश मनवर ह्यांनीं ‘गाभ्रीचा पाऊस’ काढला. गोष्ट वऱ्हाडाकडची, पण मातीचा रंग आणि बोंडांचा भाव आपलाच. शेजारच्या शेतकऱ्यानें जीव दिला आहे. तेव्हांपासून अलका नांवाच्या शेतकऱ्याच्या बायकोला धास्ती बसते, कीं आपला नवराही तसेंच करील. ती पोराला बापाच्या मागें पाळतीवर ठेवते. नवरा गप्प बसला तर भीति, आणि हंसला तर जास्तच भीति. नवऱ्याला कांहीं कळत नाहीं, कीं घरांत एकाएकीं आपलें एवढें कौतुक कां चाललें आहे! पाहणारा हंसतो, आणि हंसतां हंसतां त्याच्या घशाशीं कांहीं अडकतें. आम्हांला विचाराल तर आत्महत्येवरचीं दहा भाषणें एका बाजूला आणि अलकाची ती नजर एका बाजूला. ह्या बैठकींत बसलेल्या किती जणींनीं दुबार पेरणीच्या सालीं नवऱ्याच्या मागें असें पोर धाडलें असेल, तें आम्ही विचारीत नाहीं.

‘धग’ ह्या चित्रपटाचे दिग्दर्शक शिवाजी लोटन पाटील. लोटन हें बापाचें नांव ऐकलें कीं मुलूख कोणता हें खानदेशी माणसाला सांगावें लागत नाहीं. २०१२ सालच्या चित्रपटांसाठीं जे राष्ट्रीय पुरस्कार दिले गेले त्यांत दिग्दर्शनाचा पुरस्कार ह्या ‘धग’ला मिळाला, आणि आईचें काम करणाऱ्या उषा जाधव ह्यांना उत्तम अभिनेत्रीचा. मसणवटींत प्रेतें जाळून पोट भरणारें एक कुटुंब, आणि हा धंदा नको म्हणणारा त्यांतला पोर, एवढीच गोष्ट. गांवाला त्यांच्यावांचून मेल्यावर गति नाहीं, आणि जिवंतपणीं त्यांच्या हातचें पाणी चालत नाहीं! एवढे पुरस्कार मिळूनही हा चित्रपट थेटरांत लागायला २०१४ साल उजाडलें.

त्याच साली फेब्रुवारींत नागराज मंजुळे ह्यांचा ‘फँड्री’ लागला. मंजुळे करमाळे तालुक्यांतल्या जेऊरचे, वडार समाजांतले. फँड्री म्हणजे कैकाडी बोलींत डुक्कर. जब्या हा शाळकरी पोरगा. वर्गांतल्या शालूवर त्याचा जीव. आणि घरचें काम गांवांतलीं डुकरें धरण्याचें. एक दिवस शाळेच्या भिंतीलगत सगळ्या घराला डुक्कर धरावें लागतें आणि गांव कडेला उभें राहून दांत काढतें. ऐन धरतेवेळीं शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें. बाप, आई, पोरें जागच्या जागीं ताठ उभीं राहतात. डुकराला राष्ट्रगीत कळत नाहीं, तें निसटतें. पुढें मेलेलें डुक्कर काठीला बांधून घरचीं माणसें शाळेसमोरून नेतात, आणि भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर व सावित्रीबाई फुले ह्यांचीं चित्रें असतात. एक शब्द कोणी बोलत नाहीं. आमच्याही शाळेच्या भिंतीवर तींच चित्रें आहेत. दर वर्षीं आम्ही त्यांना रंग देतों.

हा चित्रपट आम्ही शाळेच्या अंगणांत पडदा बांधून दाखविला होता, तें तुमच्यांतल्या पुष्कळांना आठवत असेल. डुकरामागें पळापळ सुरू झाली तेव्हां आपल्याही मंडळींना हंसूं फुटलें. मागच्या रांगेंतून शिट्ट्या आल्या. मग हळूहळू एकेक हंसणारा गप्प होत गेला. पडद्यावरचें गांव हंसत होतें आणि अंगणांतलें गांव गप्प होतें. शेवटीं जब्या दगड उचलतो आणि नेम धरून मारतो, तो सरळ पाहणाराच्या अंगावर येतो. पडदा काळा झाला तरी बराच वेळ कोणी उठलें नाहीं. दिवा लावल्यावर एका आजीनें विचारलें, “गुरुजी, पोरेस्ले हाई काय दखाडतस?”

आजीचा प्रश्न रास्त होता. दुसऱ्या दिवशीं त्याला आणखी धार आली. चौथीच्या वर्गांतल्या एका मुलाला, ज्याच्या घरीं डुकरें पाळतात, पोरांनीं ‘फँड्री’ म्हणून हांक मारली. गांवांतल्या कांहीं वजनदार मंडळींनीं तेवढेंच धरलें. म्हणाले, पाहा मास्तर, तुमच्या सिनेमानें पोरांत भेद पाडला. आम्हीं त्यांना एवढेंच विचारलें, कीं काल सकाळपर्यंत त्या मुलाला पोरें कोणत्या नांवानें हांक मारीत होतीं? कोणी बोललें नाहीं, कारण तें नांव ह्यापेक्षां वाईट होतें आणि तें त्यांच्याच घरांतून आलेलें होतें. भेद सिनेमानें पाडला नाहीं. इतके दिवस जो झांकून होता तो बोलण्यांत आला. त्या आठवड्यांत आम्हीं चौथीच्या वर्गाला गणित कमी आणि ही गोष्ट जास्त शिकविली. त्या मुलाचा बाप शाळेंत आला. आम्हांला वाटलें भांडायला आला. तो म्हणाला, “गुरुजी, त्या बापानें डुक्कर धरलें तें बरोबर धरलें. पण पोराला संगें न्यायला नको होतें. मी माझ्या पोराला नेत नाहीं.” आणि त्यानें मुलाची वही तपासून मागितली. मुलगा आज तालुक्याच्या गांवीं अकरावींत आहे.

मंजुळ्यांचा पुढला ‘सैराट’, २०१६ सालचा, तुम्हां सर्वांना तोंडपाठ आहे. मराठींत तोंवर कोणत्याच चित्रपटाची एवढी कमाई झाली नव्हती. पण पाहिला म्हणजे काय पाहिला? शेवटचीं पांच मिनिटें आठवा. आवाज सगळा बंद, दार उघडें, आणि रक्तांत पाय भरलेलें लहान लेंकरूं रडत बाहेर जातें. तें पाहून थेटर सुन्न झालें, आणि त्याच उन्हाळ्यांत हळदीहळदींत ‘झिंगाट’ वाजूं लागलें! आमच्या डोळ्यांदेखत एका घरीं पोरें त्यावर नाचलीं, आणि त्याच घरानें पुढल्या वर्षीं जातीबाहेर लग्न केलेल्या लेकीचें नांव टाकलें. नांवच टाकलें, जीव घेतला नाहीं, हेंच नशीब म्हणायची पाळी आहे. कारण जीव घेतल्याच्या बातम्या आपल्या खानदेशांतूनही आल्या आहेत. तेव्हां गाणें घेतलें आणि रक्त सोडलें, असें पाहणें आपल्याला जमतें. दिग्दर्शकानें आपलें काम केलें होतें.

आतां तुमच्या मनांतलें बोलतों. दिवसभर राबायचें, आणि रात्रीं तिकीट काढून पुन्हां आपलेंच दुःख पाहायचें, हा कुठला न्याय? आम्ही ह्याला हंसत नाहीं. दादा कोंडक्यांचे बोलपट पाहून आम्हीही पोट धरून हंसलों आहों, आणि थकल्या जिवाला तें हंसूं हवें. आम्ही फक्त इतकें म्हणतों, कीं बारा महिन्यांतून एकदां तरी आपलें घर दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहावें. आपल्या अंगणांतला उकिरडा आपल्याला दिसत नाहीं. पाहुणा आला कीं दिसतो.

दुसरी गोष्ट. प्रत्येक उदास चित्रपट खरा असतो असें मुळींच नाहीं. कांहीं शहरी मंडळी आपलें दारिद्र्य परदेशच्या महोत्सवांत मांडण्यासाठीं जत्रेंतल्या तंबूसारखें सजवितात. त्यांतला शेतकरी कधीं हंसत नाहीं, कधीं शिवी देत नाहीं, कधीं भावाशीं बांधावरून भांडत नाहीं. नुसता आभाळाकडे पाहतो. असा शेतकरी आम्हीं तरी पाहिला नाहीं. कांहींजण नुसतें रक्त आणि अब्रू घेण्याचीं चित्रें लांबवितात. पाहणाऱ्याचा जीव घाबरा करणें आणि त्याला जागें करणें ह्यांतला फरक त्यांना ठाऊक नसतो. असला चित्रपट लागला तर खुशाल उठून यावें. आणि लहान पोरांना काय दाखवावें हें मोठ्यांनीं आधीं पाहून मगच ठरवावें.

पण जो माणूस खरें दाखवायला निघतो त्याची किंमत ओळखा. भाऊराव कऱ्हाडे ह्यांनीं मेंढपाळ धनगरांच्या भटकंतीवर ‘ख्वाडा’ काढला तो स्वतःची जमीन विकून. आपण जमीन कशासाठीं विकतों? लग्नासाठीं, दवाखान्यासाठीं, कोर्टासाठीं. ह्या गृहस्थानें सिनेमासाठीं विकली, आणि त्यांत मेंढ्या, पाल आणि गांवगुंडाची दादागिरी दाखविली. आणि आपल्या मोसमकांठच्या मालेगांवाकडे पाहा. तेथल्या मागावर राबणाऱ्या पोरांनीं, नासिर शेख ह्यांच्या मागें लागून, चार पैशांत आपले बोलपट काढले. सायकलवर कॅमेरा बांधला आणि बैलगाडीचा पाळणा केला. ते विनोदी, आजच्या विषयांत तसे बसत नाहींत. पण त्यांच्यावर फैजा अहमद खान ह्यांनीं २००८ सालीं जो माहितीपट केला तो पाहतांना हंसूं आणि रडूं एकदमच येतें. सुपरमॅन झालेला शफीक हा हाडकुळा मागवाला पुढें कर्करोगानें गेला. कारागिराच्या हातांत यंत्र आलें तर तो काय करील, ह्याचा तो दाखला आहे. आज प्रत्येक पोराच्या खिशांत कॅमेरा आहे, आणि त्यावर तो काय काढतो? वाढदिवसाला तलवारीनें केक कापल्याचें चित्र!

असे चित्रपट आपल्या तालुक्याच्या थेटरांत फार तर आठवडाभर लागतात, तेही भर दुपारीं, जेव्हां आपण शेतांत असतों. मग मालक म्हणतो, प्रेक्षकच येत नाहींत. दहापंधरा जणांनीं मिळून मालकाकडे जावें आणि रात्रीचा खेळ मागावा. आम्हीं एकदां चाळीस तिकिटांचे पैसे आगाऊ मोजले तेव्हां खेळ मिळाला. गांवांत समाजमंदिर आहे, शाळेचें अंगण आहे, ग्रामपंचायतीची वीज आहे. चित्रपट काढणाराला त्याचा मोबदला पोंचवून रीतसर परवानगी घ्यावी. फुकट उतरवून घेतलेलें दाखवूं नये. जमीन विकणाऱ्या माणसाच्या खळ्यावरून दाणे उचलण्यासारखें तें आहे.

तर येत्या शनिवारीं दिवेलागणीनंतर शाळेच्या अंगणांत ‘धग’ दाखविण्याचें ठरलें आहे. सतरंज्या दोनच आहेत, तेव्हां बसायला गोणपाट आपापलें आणावें. बायाबापड्यांसाठीं पुढली जागा राखली आहे. मागल्या वेळीं त्यांना भिंतीआडून पाहावें लागलें. मसणवटीकडल्या वस्तींतल्या चार घरांना निरोप द्यायला आम्ही स्वतः जाणार आहों; सोबत कोणी येत असेल तर शुक्रवारीं सायंकाळीं शाळेपाशीं यावें. पाऊस नाहींच, पण थंडी असेल.